रविवारच्या आत दुखवटा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सराटे उपटायचं. घराच्या उगवतीला आमचा एक पडीक तुकडा आहे. तिथं नात फुटबॉल खेळते आणि तिथंच सराटा माजतो. सराट्याचा काटा कसाही पडू द्या, एक टोक वर असतंच. चपलेतून जातो, सायकलच्या ट्यूबमधून जातो, बॉलमध्ये तर जातोच जातो. बॉल दोनदा बसला होता. पंक्चरवाला म्हणाला, आता परत आणू नका, ह्यात बॉल कमी आन् ठिगळं जास्त झाल्यात. मग म्हातारीनं माझ्यापुढं खुरपं टाकलं आणि म्हणाली, "चला."

उन्हं कलली होती. दोघं उकिडवे बसलो. मी वेल धरायचो आणि ओढायचो. ती बुडाशी माती उकरायची, मूळ सैल करायची, मग अख्खा वेल उचलून घमेल्यात ठेवायची, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा.

"नुसतं ओढू नका," ती म्हणाली. "मूळ खालीच राहतंय. आन् काटे सगळे तिथंच गळत्यात."

"तुझ्या हिशोबानं गेलं तर दिवाळी उजाडंल."

"उजाडू द्या की. तुमची काय गाडी सुटतीय?"

"मी माझ्या पद्धतीनं करतो, तू तुझ्या कर."

"तुमच्या पद्धतीनं केल्यालं मला परत करावं लागतंय, म्हणून बोलतीय."

हे आमचं रोजचं बोलणं. ह्यात राग नव्हता, नुसती सवय होती. अंधारून आलं तेव्हा निम्मा तुकडा झाला होता. राहिलेलं उद्या, असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकत उठली. सकाळी तिनं गॅसवर चहाचं पाणी ठेवलं आणि ओट्याला धरून खालीच बसली. मी म्हटलं, अगं चहा उतू चाललाय. ती बोलली नाही. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दौंडला नेलं. डॉक्टरनं तिची नाडी बघितली आणि मग माझ्याकडं न बघता शेजाऱ्याकडं बघितलं. तेवढ्यावर मला कळलं.

नात म्हणजे माझ्या पोराची पोरगी. पोरगा आणि सून सणसवाडीला कंपनीत आहेत. एकाची पहिली पाळी असली की दुसऱ्याची दुसरी, राहायला भाड्याची एक खोली. पोरीकडं बघणार कोण, म्हणून ती लहान असल्यापासून आमच्याकडं खुटबावला. आता सातवीला आहे. फुटबॉलचं खूळ तिला दौंडात लागलं. म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके-पट्टीला पोरगी संगं जायची. एकदा परतीच्या शटल गाडीला वेळ होता म्हणून दोघी एका मैदानाच्या कडेला झाडाखाली बसल्या. तिथं पोरी फुटबॉल खेळत होत्या. बॉल बाहेर आला, हिनं त्याला लाथ घातली, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

शिकवणारे सर रेल्वेतून रिटायर झालेले. शनिवार-रविवार सकाळी शिकवतात, कुणाकडून काही घेत नाहीत. मग दर शनिवार-रविवार आजी-नात पहाटे उठून खुटबाव स्टेशनला जाणार, शटल पकडणार, दौंडला उतरणार. आजी मैदानाच्या कडेला शेंगा फोडत नाहीतर गोधडीला टाके घालत बसणार. जाऊन आल्यावर मी विचारायचो, खेळली का मॅच? पोरगी बॅग फेकायची आणि आत जायची. म्हातारी म्हणायची, "न्हाई खेळवलं. थांब म्हणले."

वर्षभर हे थांब म्हणले, थांब म्हणले. मला तो शब्दच सहन होत नाही. तलाठ्याकडं थांबा, दवाखान्यात थांबा, लाइट येईपर्यंत थांबा. म्हटलं आता पोरीच्या खेळातपण थांबा? एका रविवारी मीच गेलो बरोबर. सरांना गाठलं.

"पोरगी पळती का न्हाई?"

"पळती की आबा. सगळ्यात जास्त तीच पळती."

"मग बाहेर का बसवता?"

"पळती म्हणूनच बसवलीय. मी तिला मागं उभी करतो, आपल्या गोलापुढं. मागच्यानं आपली जागा धरून ऱ्हायचं असतं. ही बॉल दिसला की सुटली. बॉल पार तिकडच्या टोकाला असला तरी ही तिथं हजर. आन् हिकडं आमचं दार सताड उघडं."

"मग पुढं खेळवा तिला."

"पुढं सगळ्यांनाच जायचंय. मागं थांबणारं माणूस मला मिळंना झालंय."

म्हातारी शेजारी बसून शेंगा फोडत होती. ती वर न बघता म्हणाली, "सर, तिचा दोष न्हाई. ती आज्यावर गेलीय."

सर हसले. दोन-चार पोरीपण हसल्या. मी तिथून उठून स्टेशनवर जाऊन बसलो. नंतर शटलमध्ये म्हातारीनं मला मूठभर शेंगदाणे दिले. मी घेतले आणि खिशात टाकले.

मग म्हातारीनं घरीच सुरू केलं. त्या पडीक तुकड्यावर ती चुलीतल्या राखेनं एक चौकोन आखायची. पोरीला त्यात उभी करायची आणि स्वतः बॉल हातानं इकडं तिकडं फेकायची. बॉल लांब गेला की पोरीचे पाय चौकोनाच्या बाहेर. "ये मागं," म्हातारी म्हणायची. परत फेकायची. परत पोरगी बाहेर. "ये मागं." रोज संध्याकाळी हेच. बॉल आणायला म्हातारीच जायची, दुखऱ्या गुडघ्यानं. मला अंगणातून बघवायचं नाही. मी ओरडायचो, "अगं जा की, घे तो बॉल, बघत काय बसलीस?" की पोरगी सुटायचीच. म्हातारीनं एकदा मला ढेकूळ फेकून मारलं. म्हणाली, "तुम्ही घरात जावा. तुमच्यापायी माझं सगळं मुसळ केरात चाललंय."

पण हळूहळू पोरगी थांबायला लागली. पाय उचलायची, चौकोनाच्या रेघेपर्यंत यायची, आणि दात-ओठ खाऊन तिथंच थांबायची. मग एका रविवारी दोघी घरी आल्या त्या हसतच. सरांनी सांगितलं होतं की पोरींची टीम शिरूरला खेळायला जाणार आणि आपली पोरगी पहिल्यापासून मैदानात असणार, मागं. म्हातारीला त्याहून जास्त आनंद शिरूरचा. तिचं माहेर पारगावचा पूल ओलांडला की पलीकडं, शिरूरच्या अलीकडं. ती म्हणाली, आदल्या दिवशी भावाकडं मुक्काम करायचा, सकाळी तिथनंच मॅचला जायचं. तिनं पोरीचे मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले, मॅचला कितीतरी दिवस होते तरी. ते मोजे दोरीवर असतानाच ती गेली.

पुढचं काही मी सांगत बसत नाही. ज्याच्या घरात झालंय त्याला माहीत आहे. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, माणसं आली, बसली, गेली. प्रत्येकजण म्हणायचा, चांगलं मरण आलं, पडून राहिली नाही. मला वाटायचं, विचारावं, तुझी बायको कवा चाललीय असल्या चांगल्या मरणानं? पण पोरगा शेजारी बसलेला असायचा, तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा. दहावा झाला, तेरावा झाला. पोरगा आणि सून सुट्टी संपली म्हणून सणसवाडीला गेले. घरात मी, पोरगी, आणि दोन घरं सोडून माझ्या थोरल्या भावाची बायको, वहिनी. भाऊ कधीच गेला. घरात आता मोठी तीच, त्यामुळं रीतभात तिच्या हातात.

रीत अशी. तेरावा झाला म्हणून दुखवटा संपत नाही. बायको गेली तर तिच्या भावानं यायचं. नवी टोपी, टॉवेल आणायचा, टोपी दाजीच्या डोक्यावर घालायची, आणि त्याला आपल्या घरी मुक्कामाला न्यायचं. तिथं भावकीच्या पंगतीत भाऊ आपल्या हातानं त्याला गोड घास भरवतो. मग दुखवटा निघाला. तोपर्यंत घरात गोडधोड नाही, नवं कापड नाही, घरच्या माणसानं कुठं आनंदाला जायचं नाही. आणि भावानं कधी यायचं ते भाऊ ठरवणार. त्याला बोलवायचं नसतं, विचारायचं नसतं. त्याची वाट बघायची.

पुढचा रविवार मॅचचा होता, आणि मेहुण्याचा पत्ता नाही.

मी वहिनीला म्हटलं, "पोरीला नुसतं जाऊन खेळून येऊ द्या. मी न्हाई जात."

"भावजी, घरात दुखवटा आन् पोरगी चड्डी घालून लोकांपुढं उड्या मारणार? तोंडात शेण घालत्याल लोक."

"घालू द्या. माझ्या तोंडात दातच न्हाईत, अडकायचं काय न्हाई."

"तुमचं काय जातंय. नाव तिचं निघंल. म्हणतील, जिनं पोरीला वाढवली तिचा दुखवटापण पाळला न्हाई."

माझ्यापुरतं असतं तर मी कुणाचं ऐकलं नसतं. पण दुखवटा काढायचा मान तिच्या भावाचा. ती गेल्यावर तिच्या माहेरचा मान मी मोडला, असं झालं असतं. एवढं मात्र माझ्यानं होईना.

मग मी दुसरंच केलं. पोरीला म्हटलं, लाव तुझ्या मामाआजोबांना फोन. तिनं लावून दिला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"पाव्हणं, जेवलात का?"

"जेवलो दाजी. तुम्ही?"

"जेवलो. कांदा निघाला का?"

"चाललाय. बाया मिळंनात."

"आमच्याकडंपण तेच."

मला दुसरं काही सुचेना आणि थांबणंही होईना. म्हटलं सरळ विचारून टाकू.

"दुखवटा काढायला कवा येताय?"

पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. "हॅलो?"

"ऐकतोय," मेहुणा म्हणाला. "दाजी, हे तुम्ही इचारताय?"

"मग कोण इचारणार? दुसरं हाय कोण आता?"

"माझ्या बहिणीची राख अजून थंड झाली न्हाई आन् तुम्हाला गोडाच्या घासाची घाई झाली?"

"घासाचं मरू दे. रविवारच्या आत..."

"रविवारच्या आत काय? कुठं बघायला जायचंय का?"

म्हणजे ह्या वयात मी दुसरी बायको बघायला निघालोय, असं त्याचं म्हणणं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझ्या गावात असली एखादी तर तूच ठरव," आणि फोन बंद केला. फुटबॉलचा शब्द तोंडातून निघायचा राहिलाच.

पोरगी दारातून म्हणाली, "आबा, मॅचचं सांगायचं हुतं ना."

"सांगणार हुतो. त्यानं सांगू दिलं का?"

"परत लावू?"

"मसणात गेला तो फोन."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पूल ओलांडून आमच्या वेशीत आली होती. मेहुण्याच्या बायकोनं तिच्या बहिणीला सांगितलं असणार, ती आमच्या शेजारच्या गावात दिलीय. वहिनी सकाळीच भाकरी घेऊन आली, ती माझ्यापुढं ठेवली आणि विचारलं, "भावजी, टोपी कसली सांगितलीय? का नवरदेवाचा फेटाच आणत्यात पाव्हणं?"

"भाकरी ठेवली ना? मग जावा."

"जाते की. मी काय पंगतीला थांबले न्हाई."

पोराचाही फोन आला. तो दुसऱ्या पाळीला निघाला होता, मागं मोटारींचा आवाज. "आबा, मामांना काय बोललात तुम्ही? मामी रडत्यात."

"मामी कशाला रडती? बोलणी मी खाल्ली."

"राहू द्या ती मॅच. पुढच्या वर्षी खेळंल."

"पुढच्या वर्षी. तुला पर्मनंट करायचंपण पुढच्याच वर्षी हाय, मी किती वर्षं ऐकतोय?"

तो पाळीची वेळ झाली म्हणाला. ते मी बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

तो आठवडा कसा काढला, मलाच ठाऊक. सकाळ झाली की मी रस्त्याकडं तोंड करून बसायचो. लांबून गाडी आली की उठायचो. दूधवाला असायचा, नाहीतर औषधफवारणीवाला. एकदा तर खरोखरच पांढरी टोपी दिसली, तर तो बँकेचा माणूस, पत्ता चुकलेला. मी त्याच्यावर विनाकारण ओरडलो. संध्याकाळी बघतो तर पोरगी पडीक तुकड्यावर उभी. बॉल नाही, काही नाही. शाळेच्या कपड्यात नुसती उभी, राखेच्या चौकोनात.

"काय करतीस तिथं?"

"उभी हाय."

"बॉल कुठाय?"

"दुखवट्यात बॉल नको म्हणली ना मोठी आजी. उभं ऱ्हायला कुठं नको म्हणलीय?"

मी तिला घरात ये म्हणालो. ती म्हणाली, थोड्या वेळानं. मी अंगणात बसून तिच्याकडं बघत राहिलो आणि मेहुण्याला मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या.

शुक्रवारी सरांचा फोन आला. ते वाईट वाटून बोलले, पण स्पष्ट बोलले. "आबा, सरावाला पोरगी आली न्हाई, समजू शकतो. रविवारी सकाळी मॅच सुरू व्हायच्या आत ती शिरूरच्या मैदानावर दिसली तर मी तिलाच उभी करतो. न्हाई दिसली तर दुसऱ्या पोरीला बूट घालायला सांगतो. मला जागा मोकळी ठेवता येणार न्हाई."

"किती वेळ थांबाल?"

"शिट्टी वाजंस्तोवर."

मी पोरीला सांगितलं. ती हं म्हणाली आणि भाकरी खात राहिली.

शनिवारी मी आशा सोडली. शनिवारी कुणी दुखवटा काढत नाही, वार वाईट. म्हणून मी रस्त्याकडं पाठ करून बसलो होतो, आणि तेवढ्यात मागं जीप थांबली. मेहुणा उतरला, त्याची बायको उतरली, दोन म्हातारे उतरले. मेहुण्याच्या हातात पिशवी. मी उठलो नाही. तो सरळ घरात गेला. वहिनी पदर सावरत आली.

"पाव्हणं, शनिवारी?"

"वाराचं काय आसंल ते माझ्या डोक्यावर," मेहुणा म्हणाला. "पाणी द्या."

पाणी झालं. चहा झाला. मग बाया रडल्या. मग परत पाणी. म्हाताऱ्यांनी पाऊसपाण्याची चौकशी केली. माझा जीव टांगणीला, आणि ह्यांचं सगळं सावकाश. शेवटी मेहुण्यानं पिशवीतून टोपी काढली, घडी उलगडली, माझ्या डोक्यावर घातली. हात तसाच थोडा वेळ डोक्यावर राहिला. त्याचा हात तिच्या हातासारखाच आहे, आखूड बोटांचा. हे मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

मग तो माझ्याशेजारी बसला आणि हळू म्हणाला, "अक्कानं मला आधीच फोन केला हुता. म्हणली, शनिवारी मुक्कामाला येते, रविवारी नातीची मॅच हाय, सकाळी तुझ्या दारातनं जाईल. ती गेली, तवाच मी मनाशी ठरवलं. दुखवटा काढायला शनिवारीच यायचं. सगळं ठरल्यालं हुतं."

"मग फोनवर सांगायचं न्हाई का?"

"सांगणारच हुतो. तेवढ्यात तुम्ही इचारलं. असं इचारत्यात का, दाजी? मला आला राग. म्हटलं, बसा आता तळमळत शनिवारपतोर."

"आठवडाभर जाळलंस मला."

"तुम्ही फोन केला नसता तर आठवडाभर सुखानं झोपला असता."

मला त्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. पण डोक्यावर त्याचीच टोपी होती. मी म्हटलं, "जीप किती वाजता सोडायचीय?"

"बघा," तो म्हाताऱ्यांना म्हणाला. "लागली घाई."

पोरीनं बूट आणि दोरीवरचे मोजे बॅगेत भरले. दिवस मावळायच्या आत आम्ही पूल ओलांडला. त्या रात्री जेवून सगळे लवकर झोपले. मेहुण्यानं सांगितलं होतं की गोड घासाची पंगत सकाळी लवकर उरकायची, भावकीला कांद्यावर जायचंय. मला वाटलं, बरं झालं, घास खाऊ आणि मॅचला जाऊ.

सकाळी बघतो तर भावकी जमता जमेना. एकजण आला की दुसऱ्याला बोलवायला जायचा. मेहुण्याच्या बायकोनं पोरीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, पोरगी बूट घालून अंगणात उभी, आणि इकडं अजून पाट मांडतायत. जीप भाड्याची, ती आदल्या दिवशीच परत गेलेली. घरात एक मोटारसायकल, ती चालवणारा मेहुणा, कारण त्याचा पोरगा रांजणगावला ड्युटीवर. मला मोटारसायकल येत नाही.

भावकीतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "आधी घास हुंद्या. मग जावा कुठं जायचं तिथं."

ताटं वाढायला घेतली तरी अर्धे पाट रिकामे. पोरगी नुसती माझ्याकडं बघत होती. मी मेहुण्याला बाजूला घेतलं.

"तू पोरीला घेऊन जा. दुखवटा काढणाराच संगं असला तर तिला कोण नाव ठेवत न्हाई."

"आन् घास?"

"तू आल्यावर."

"दाजी, मॅच संपंस्तोवर?"

"संपंस्तोवर. मी हितंच बसतो. दोघंही गेलो तर भावकी पाटावरनं उठंल आन् तुझं नाक कापंल. मी बसलेला दिसलो तर कोण उठत न्हाई."

त्यानं गाडीची किल्ली काढली. "तुमच्यानं व्हईल का?"

"तू जा."

मोटारसायकल वळली. पोरगी मागं वळून बघत होती, मी हात केला. मग आत जाऊन पाटावर बसलो. भावकी जमली, ताटात लापशी वाढली, वर तूप सोडलं. आणि मग सगळे बघायला लागले की भाऊ कुठाय.

"येतोय," मी म्हटलं.

थोड्या वेळानं तो म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, मीबी त्याचा चुलताच हाय. मी भरवतो घास. काय बिघडत न्हाई."

"न्हाई. तिच्या भावाच्याच हातचा."

"तूप गोठायला लागलं."

"गोठू द्या."

माझे पाय बधिर झाले होते. पंगतीत कुणी तंबाखू मळत होतं, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी माझ्याकडं बघून तोंड वाकडं करत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर केव्हाच उठून गेलो असतो. फोन वाजला. मेहुणा ओरडत होता, मागं पोरांचा गलका.

"दाजी, उभी केली तिला. मागं, गोलापुढं."

"बॉल?"

"बॉल तिकडंच हाय पार. सगळ्या पोरी तिकडं पळत्यात. ही एकटीच हिकडं उभीय. मला तर बघवंना. हाक मारून सांगू का, जा म्हणून?"

"तोंड उघडू नको," मी म्हटलं. "अजिबात काय सांगू नको तिला."

"पण दाजी..."

"गप उभा ऱ्हा."

फोन बंद झाला. म्हाताऱ्यानं विचारलं, "झाली का मॅच?"

"आत्ता सुरू झालीय."

पंगतीत कुणीतरी हे देवा म्हणालं. मी मेहुण्याच्या बायकोला हाक मारून एक रिकामं ताट मागितलं, माझ्या लापशीवर उपडं घातलं आणि मांडी बदलून तिथंच बसून राहिलो.